वह्या नकोत, शिक्षक हवेत!

माझ्याकडे संध्याकाळी चार-पाच मुली अभ्यासाला येतात. त्यांतली एक तळवली गावठाणातली, इयत्ता सातवीत शिकणारी. जानेवारी २०२६ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात आला असताना मी एके दिवशी तिची गणिताची वही पाहायला मागितली. वही मोठी देखणी होती. गुळगुळीत मुखपृष्ठावर एका गृहस्थांचे हात जोडलेले छायाचित्र, खाली त्यांचे नाव आणि नावाखाली आपण गोरगरीब विद्यार्थ्यांचे आधार आहोत अशा अर्थाची एक ओळ. जूनमध्ये शाळा उघडताना गावातल्या मुलांना या वह्या फुकट वाटल्या गेल्या होत्या. तेव्हा हे गृहस्थ 'भावी नगरसेवक' होते. आता ते रीतसर उमेदवार झाले होते. मी वही उघडली. पहिली पंधरा-वीस पाने भरलेली, पुढची सारी कोरी. कारण विचारले तेव्हा ती मुलगी अगदी सहजपणे म्हणाली, "बाई, गणिताचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत. दुसऱ्या वर्गाचे सर मधूनमधून येऊन गप्प बसा म्हणून सांगतात."

ती कोणत्या शाळेत जाते हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वसईच्या एका मराठी शाळेत तीस वर्षे खडू हाती धरून मी निवृत्त झाले आणि मुलाच्या घरी घणसोलीला राहायला आले. त्यामुळे शाळेत शिक्षक नसणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. परंतु मुलीच्या आवाजात तक्रारीचा सूरही नव्हता, याचे मला अधिक वाईट वाटले. पाऊस पडत नाही, वीज गेली आहे, तसेच शिक्षक नाहीत!

त्याच आठवड्यात त्या गृहस्थांची चौकसभा ऐकण्याचा योग आला. भाषण दोन शब्दांभोवती फिरत होते, रोजगार आणि शिक्षण. आपल्या गावांच्या जमिनी गेल्या, आता घरटी एक नोकरी मिळवून दिल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही, असे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले. कोणकोणत्या कंपन्यांत आपली ओळख आहे, आजवर किती मुलांना 'लावले', अर्ज कोणाकडे आणून द्यायचा, हे सारे तपशीलवार झाले. शिक्षणाच्या वाट्याला एकच वाक्य आले. प्रत्येक मुलाला दर्जेदार शिक्षण मिळेल, ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. गणिताच्या सरांचा उल्लेख नव्हता. तो कोणी विचारलाही नाही. मीही विचारला नाही, हे प्रांजळपणे कबूल करते.

ते गृहस्थ निवडून आले की पडले, हे मी मुद्दामच सांगत नाही. माझे भांडण त्यांच्या व्यक्तीशी नाही, पक्षाशी तर मुळीच नाही. असे भाषण सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवरून होत असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, नगरसेवकाच्या हाती जे नाही ते हा उमेदवार भरभरून देतो आणि जे त्याच्या हाती आहे त्याविषयी तो मौन पाळतो. नोकरी देणे त्याच्या अधिकारात नाही. शाळा नीट चालवून घेणे आहे. आणि या उलट्या व्यवहाराला त्याच्याइतकेच आपणही, म्हणजे टाळ्या वाजवणारे आणि टाळ्या न वाजवता घरी बसणारेही, जबाबदार आहोत.

नोकरीचे वचन या गावांत इतके गोड का लागते, हे आधी समजून घ्यायला हवे. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना घणसोली आणि रबाळे यांच्या दरम्यान तळवलीचे गावठाण लागते. आज ते चहूबाजूंनी इमारतींत बुडाले आहे. परंतु दोन पिढ्यांपूर्वी हा सारा पट्टा भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीतल्या मासेमारीचा होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि रस्त्यालगत रसायनांचे कारखाने उभे राहू लागले. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. शेत गेले, मीठ गेले, खाडीत रसायनांचे पाणी आले. बदल्यात पैसे मिळाले, ते लग्नकार्यांत आणि घराच्या स्लॅबमध्ये संपले. उरली ती एकच आशा, आपल्या जमिनीवर जे उभे राहील त्यात आपल्या मुलाला काम मिळेल. म्हणून या गावांत नोकरी हा केवळ पोटाचा प्रश्न राहत नाही. गेलेल्या जमिनीची ती न फिटलेली किंमत असते, आणि म्हणूनच तिचे नाव घेणाऱ्याकडे माणसे कान देतात.

ही किंमत वसूल कशी करावी, याचा धडाही याच भूमीत गिरवला गेला आहे. जासईचे दिनकर बाळू पाटील, म्हणजे लोकांचे दि. बा., पेशाने वकील होते. पनवेलचे ते अनेक वर्षे आमदार होते, पुढे खासदारही झाले. १९८४ सालच्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, त्यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. त्याची अंमलबजावणी किती रखडली, त्यात दलालांनी किती हात धुऊन घेतले, हा वेगळा विषय आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. दि. बां.नी अमक्याच्या मुलाला भूखंड द्या, तमक्याच्या जावयाला चिकटवा, असे मागितले नाही. त्यांनी नियम मागितला. ज्याची जमीन गेली त्या प्रत्येकाला, तो कोणत्या पक्षाचा, कोणाच्या गोटातला हे न विचारता, लागू होईल असा नियम. आज त्यांचे छायाचित्र ज्यांच्या फलकांवर असते, ते उमेदवार मात्र शिफारशीचे राजकारण करतात. नियमाने मिळालेल्या वस्तूबद्दल कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. शिफारशीने मिळालेल्या वस्तूबद्दल जन्मभर धरावे लागतात. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता ही शिफारशीची नोकरी असते तरी कशी? या पट्ट्यातले नोसिलसारखे जुने मोठे कारखाने बंद झाले. त्यांत कायमस्वरूपी कामगार होते, संघटना होत्या, भविष्य निर्वाह निधी होता. त्या कारखान्यांच्या पट्ट्यात आता काचेच्या इमारती आल्या, माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आली, रबाळे-महापे भागांत डेटा सेंटर आली. डेटा सेंटर म्हणजे यंत्रांचे गोदाम. शेकडो कोटींची गुंतवणूक, विजेचा प्रचंड खप आणि कायमची माणसे थोडीच. जी आहेत त्यांना संगणक, विद्युत आणि वातानुकूलन यांचे शिक्षण लागते. त्या शिक्षणाशिवाय गेटच्या आत जाणाऱ्या गावच्या मुलाला काय मिळते? पहारेकऱ्याचा गणवेश, साफसफाईचे काम, उपाहारगृहातली भांडी, मालाची चढउतार. आणि तेही ठेकेदाराच्या नावावर. ठेका बदलला की नोकरी संपली. ठेकेदार बहुधा कोणत्या तरी पुढाऱ्याच्या जवळचा असतो, म्हणून मुलाला निवडणुकीत झेंडा धरावा लागतो. सातवी-आठवीत ज्याचे गणित सुटले त्याला याहून वरची जागा कोणत्याही पुढाऱ्याची चिठ्ठी देऊ शकत नाही, कारण ती जागा चिठ्ठीवर मिळतच नाही.

येथे कोणी म्हणेल, स्थानिकांसाठी कायदा आहे ना! महाराष्ट्रात स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण जुने आहे. २००८ सालच्या शासन निर्णयाने पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के व इतर जागांत ८० टक्के स्थानिकांना घ्यावे असे सांगितले. परंतु पंधरा वर्षे राज्यात राहणारा तो 'स्थानिक', अशी तेथील व्याख्या आहे. त्यामुळे तळवलीच्या मुलाला तळवलीचा म्हणून त्यातून काही वेगळे मिळत नाही. दुसरे उदाहरण पाहा. हरियाणा सरकारने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारा कायदा केला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. एका राज्याच्या विधिमंडळाला जे न्यायालयात टिकवता आले नाही, ते एका प्रभागाचा नगरसेवक घरटी करून दाखवणार, यावर आपण विश्वास ठेवतो तरी कसा?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १७० निवडणुकीतील लाचेविषयी आहे. मतदानाचा हक्क कोणी एका प्रकारे वापरावा म्हणून त्याला लाभ देऊ करणे ही लाच, आणि तो लाभ स्वीकारणेही लाच, असे ते कलम सांगते. त्याच कलमात एक अपवादही नोंदवला आहे. सार्वजनिक धोरण जाहीर करणे किंवा सार्वजनिक कृतीचे वचन देणे ही लाच नव्हे. जुन्या दंड संहितेतही हाच भेद होता. किती स्वच्छ भेद आहे हा! गावच्या शाळेतली शिक्षकांची रिक्त पदे भरून घेईन, हे सार्वजनिक कृतीचे वचन. तुमच्या घरातली चार मते द्या, तुमच्या पोराला कंपनीत लावतो, हा सौदा. पहिले वचन मोडले तर सारा गाव जाब विचारू शकतो. दुसरे मोडले तर आपण कोणाकडे जाणार? आपणही त्या सौद्यात सामील होतो, म्हणून तोंड उघडता येत नाही. एसावाने एका वाटीभर वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि एसावाला हसतो. तो भुकेला होता, हे आपण विसरतो. भुकेल्याला दोष देणे सोपे असते. वाटी घेऊन त्याच्या भुकेची वाट पाहत बसणाऱ्याला दोष देणे तेवढे सोपे नसते. मी दोष देते आहे तो त्या वाटीवाल्याला.

आता शाळेकडे वळू. येथे नगरसेवकाला हात बांधलेले असल्याचे सोंग घेता येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा. त्याच्या ६३व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत आणि प्राथमिक शिक्षणाच्या शाळा चालवणे हे त्यांपैकी एक आहे. दिवाबत्ती, पाणी, गटारे यांच्याच रांगेत ते बसते. चौकात कमान उभारणे त्या रांगेत नाही. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्ही विषयांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असावा लागतो. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत, असे २६वे कलम सांगते. कलम २१ प्रमाणे अशा शाळांना, तसेच अनुदानित खासगी शाळांना, शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीलाही तेथे स्थान आहे. ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते.

म्हणजे सातवीच्या वर्गात गणिताचा शिक्षक असणे ही कोणाची मेहेरबानी नाही. तो कायदा आहे. ज्याला नगरसेवक व्हायचे आहे त्याने हा कायदा वाचलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येईल का? परंतु तो शाळेत जातो तो १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, खाऊ वाटायला. समितीच्या बैठकीला तो जात नाही, कारण तेथे छायाचित्रकार नसतो. वह्या वाटणे सोपे असते. एक वही काही रुपयांना पडते, तिच्यावर नाव छापता येते आणि ती वर्षभर मुलाच्या दप्तरातून घरोघर हिंडते. शिक्षक आणायचा तर आयुक्तांच्या मागे लागावे लागते, सभागृहात प्रश्न विचारावा लागतो, अंदाजपत्रकाची पाने वाचावी लागतात. आणि एवढे करून जो शिक्षक येतो त्याच्या कपाळावर आपले नाव छापता येत नाही!

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर जे निवेदन दिले, त्यातला मुख्य मुद्दा आजही जुना झालेला नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितले आणि प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. दोघांनीही गरिबाला आधी नोकरीचे आमिष दाखवले नाही. आधी त्याच्या मुलाला शाळेत बसवा, असे ते म्हणाले, कारण त्या शाळेतूनच नोकरी, हक्क आणि ताठ मान येते, हे त्यांना ठाऊक होते. तळवलीच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. ज्या गावाने जमीन देऊन शहर वसवले, त्या गावाच्या पुनर्वसनाची शेवटची आणि सर्वांत टिकाऊ पायरी म्हणजे तेथल्या मुलांना मिळणारी चांगली शाळा. भूखंड विकला जातो, ठेका सुटतो. शिकलेले गणित कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग उमेदवार शाळेविषयी का बोलत नाही? उत्तर कडू आहे. आपण विचारत नाही म्हणून तो बोलत नाही, आणि आपली मुले तेथे नाहीत म्हणून आपण विचारत नाही. गावातले ज्यांना थोडेफार परवडते ते कर्ज काढून मुलाला खासगी इंग्रजी शाळेत घालतात. मागे उरतात ती मोलकरणीची, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परगावच्या कुटुंबाची मुले. त्यांच्या आईबापांपैकी कित्येकांचे नाव या प्रभागाच्या मतदार यादीत नसते. ज्या शाळेच्या पालकांना मत नाही, त्या शाळेला उमेदवारही नाही!

आणि आपण, धर्मग्रामातली कुटुंबे? आपल्यापैकी बहुतेकांची मुले मिशनच्या शाळांत शिकली. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे; माझा सारा जन्म तसल्याच शाळेत गेला. वसईच्या गावांत चर्चच्या आवारात ज्या मराठी शाळा उभ्या राहिल्या, त्यांत केवळ आपली मुले नव्हती. शेतमजुरांची, कोळ्यांची, आदिवासी पाड्यांवरची मुले आपल्या बाकावर शेजारी बसत. शाळा ही सर्व गावाची आहे ही समजूत तेथे होती. आज काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यामुळे आपल्या शाळांवर राहिले नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण कायद्याने आपल्याला बंधनातून मोकळे केले, म्हणून शेजाऱ्याच्या मुलीपासूनही मोकळे केले काय? शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला न्यायालयाकडून घ्यायचे नाही. ते आपल्याला फार पूर्वीच मिळाले आहे.

कामाच्या न्याय्य मोबदल्यासाठी पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले, याचे आपण अभिमानाने स्मरण करतो. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी त्यांच्याच स्मरणाने ते नाव घेतले. परंतु आपल्या प्रभागातला ठेक्यावरचा सफाई कामगार आणि त्याच्या मुलीची शाळा यांच्याविषयी आपण निवडणुकीच्या वेळी एक शब्द बोलत नसू, तर त्या परिपत्रकाची जयंती साजरी करून काय मिळवले? मतदानाच्या आधी एका घरी मी हा विषय काढला, तेव्हा घरच्या यजमानांनी मला हसत सांगितले, "बाई, आपण मूठभर. आपल्या मताने काय होणार? आपल्याला आपल्या संस्थेच्या रस्त्याचे डांबरीकरण झाले म्हणजे पुरे." त्यांना मी त्या वेळी उत्तर दिले नाही. आता देते. डांबराच्या मोबदल्यात दिलेले मत आणि नोकरीच्या चिठ्ठीसाठी दिलेले मत यांत काही फरक असलाच, तर तो इतकाच की चिठ्ठी घेणारा गरजू होता.

माझ्यावर एक आक्षेप न्यायाने येऊ शकतो. पोटाला आज हवे असताना, दहा वर्षांनी फळ देणाऱ्या शाळेच्या गोष्टी काय सांगता? ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने ठेक्याची नोकरीही नाकारावी काय? मुळीच नाकारू नये. जे काम मिळेल ते करावे आणि त्याचा पूर्ण पगार मागावा. प्रकल्पग्रस्तांना शासकीय नोकऱ्यांत जे ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा दाखला काढावा आणि अर्ज करावा. तो नियम आहे. त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहण्याचे कारण नाही. माझे म्हणणे इतकेच की, जे काम मिळाले त्याची किंमत मताने चुकवू नये. आणि बापाला ठेक्यावर काम करावे लागते म्हणून मुलीलाही तेच करावे लागेल, अशी व्यवस्था मतपेटीतून कायम करून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून २४ जून २०२१ रोजी या गावांतली हजारो माणसे बेलापूरला सिडकोवर धडकली. मागणी रास्त होती आणि माणसांची शिस्तही वाखाणण्याजोगी होती. ज्या समाजाला एका नावासाठी एवढे एकत्र येता येते, त्याला एका शिक्षकासाठी पन्नास माणसे जमवता येणार नाहीत, हे मला पटत नाही. जमवायचे कोणी, हाच प्रश्न आहे.

२०१५ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. करोनामुळे निवडणूक लांबली, मग आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादांत अडकली. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तोवर साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. माझ्याकडे येणारी मुलगी दुसरीत गेली तेव्हा नगरसेवक नव्हता; ती सातवीत गेली तरी नव्हता. आता १११ सदस्यांचे सभागृह आले आहे. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक असे. आता बहुतेक प्रभागांना चार-चार. चौघांचे काम ते कोणाचेच नाही, असे होण्याचा धोका येथे उघड आहे. रस्त्याच्या उद्घाटनाला चौघेही येतील. शाळेतल्या रिकाम्या खुर्चीविषयी विचारले तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवील.

म्हणून विचारायचे ते आताच, निवडणुकीचे ढोल थांबले असताना. प्रचारात विचारलेला प्रश्न गोंगाटात विरून जातो. पाच वर्षे दर तीन महिन्यांनी विचारलेला प्रश्न विरत नाही. आपल्या प्रभागातल्या चारही सदस्यांना एकाच पत्राने चार गोष्टी विचाराव्यात. प्रभागातल्या प्रत्येक शाळेत शिक्षकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? शाळा व्यवस्थापन समितीवर चौघांपैकी कोण आहे आणि गेल्या वर्षात तो किती बैठकांना गेला? शाळेचा विकास आराखडा कोठे पाहायला मिळेल? आणि रिक्त पदांविषयी सभागृहात प्रश्न कोणत्या तारखेला विचारला? पत्राला उत्तर न आले तर माहिती अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे आणि त्याचा अर्ज दहा रुपयांत होतो. ज्यांची मुले त्या शाळांत आहेत त्यांना अर्ज लिहिण्याची सवय नसते, आपल्याला असते. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांना संध्याकाळचा एक तास काढता येतो. धर्मग्रामातल्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर यात्रेच्या मंडपाबरोबर हा विषयही घेता येतो.

एवढ्याने सारे बदलेल असे मी म्हणत नाही. परंतु ज्या उमेदवाराला पुढच्या वेळी हा प्रश्न येणार हे ठाऊक असेल, तो घरटी नोकरीचे भाषण करण्याआधी एकदा तरी शाळेच्या पायऱ्या चढेल.

त्या मुलीची वही अजून माझ्यापुढे आहे. मुखपृष्ठावरचे गृहस्थ हसत आहेत. आम्ही दोघींनी कोऱ्या पानांवर अपूर्णांकांपासून सुरुवात केली आहे. ती हुशार आहे, झरझर पुढे जाते. परवा तिने मला विचारले, "बाई, आमच्या वर्गातल्या बाकीच्यांचे काय?" तिला मी उत्तर दिले नाही, कारण ते उत्तर मला एकटीला देता येण्यासारखे नाही. वाचकहो, ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.